घोडा कोणाचा? लिनक्स कर्नलच्या पागेबाहेर वाढलेल्या मॉड्यूलचा इतिहास

१/
मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. लढाईत दोघेही एकाच निशाणाखाली धावत. परंतु घोडा लंगडला तर बारगिराला पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराला मात्र तो पदरमोड करून उभा करावा लागे. साताऱ्याची गादी आणि मिरज-सांगलीचा पटवर्धनांचा सरंजाम ज्या मुलखाने पाहिला, त्या मुलखाला हा भेद फार समजावून सांगावा लागत नाही.

२/
हाच भेद आज जगातील असंख्य सर्व्हर आणि प्रत्येक अँड्रॉइड फोन ज्याच्यावर चालतो त्या लिनक्स कर्नलमध्येही आहे. कर्नलच्या मूळ संहितेत नांदणारे ड्रायव्हर हे बारगीर. कंपन्यांनी वा व्यक्तींनी बाहेर लिहून नंतर कर्नलला जोडलेले ड्रायव्हर हे शिलेदार. हा थ्रेड त्या शिलेदारांचा आहे: ते कसे बांधले जातात, संगणक सुरू होताच आपोआप कसे दाखल होतात, आणि पुण्याशी निगडित अशा तीन कामांच्या वाट्याला तीन वेगवेगळी भवितव्ये का आली.

३/
प्रथम कर्नल म्हणजे काय ते पाहू. लष्करातील कर्नलशी त्याचा संबंध नाही; शब्दाचा अर्थ गाभा. डिस्क, पडदा, कळफलक, नेटवर्क कार्ड ही यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असलेला कारभारी म्हणजे कर्नल. प्रत्येक यंत्रभागाची बोली निराळी असते. ती बोली जाणणारा कर्नलमधील दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या छंदाची वार्ता जाहीर केली, तेव्हा त्याच्या कर्नलला फारच थोड्या यंत्रभागांची बोली येत होती.

४/
जानेवारी १९९२ मध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी लिनक्सच्या रचनेवरच आक्षेप घेतला. ड्रायव्हरसह सारे काही एकाच अखंड गाभ्यात कोंबणे ही जुनाट पद्धत आहे, गाभा लहान असावा आणि बाकीची कामे बाहेर असावीत, असे त्यांचे म्हणणे होते. टोरवाल्ड्स बधले नाहीत. परंतु अखंड गाभ्याची किंमत सर्वांना दिसत होती. नवे कार्ड बसवले की संपूर्ण कर्नल पुन्हा बांधायचा, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे; आणि त्या काळच्या ३८६ यंत्रांवर ही बांधणी चांगलीच वेळखाऊ होती.

५/
त्यावर निघालेला मधला मार्ग म्हणजे मॉड्यूल. गाभा अखंडच राहील. परंतु ड्रायव्हरचा तुकडा स्वतंत्र फाइल म्हणून डिस्कवर ठेवता येईल, आणि चालू कर्नलमध्ये तो घालता व काढता येईल. मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपर्यंत ही सोय रुळली होती. घालणाऱ्या आज्ञेचे नाव 'इन्समॉड', काढणाऱ्या आज्ञेचे 'आरएममॉड'. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: आत गेलेला मॉड्यूल पाहुणा राहत नाही. त्याला गाभ्याचे सर्व अधिकार मिळतात. त्याची एक चूक संपूर्ण यंत्र आडवे करू शकते. या इतिहासातील सर्व वादांचे मूळ येथे आहे.

६/
भारतात लिनक्स सामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो बऱ्याच अंशी मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने लिनक्सची सीडी वाचकांच्या हाती दिली. त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस यांचे नाव अग्रभागी होते. इंटरनेट दुर्मिळ आणि संथ असलेल्या गावांत सीडीचे मोल फार. कारण सीडीवर जो ड्रायव्हर आहे तो आपला. जो नाही तो मिळवण्यासाठी इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी मोडेम चालायला हवा. मोडेमचाच ड्रायव्हर नसेल तर हे चक्र जागीच अडकत असे.

७/
ही अडचण वास्तव होती. स्वस्त संगणकांत येणाऱ्या 'विनमोडेम'मध्ये निम्मे काम यंत्रभागाऐवजी विंडोजमधील सॉफ्टवेअर करी. लिनक्ससाठी ते सॉफ्टवेअर उत्पादकाने दिले तरच मोडेम चाले, आणि दिले तरी बहुधा त्याचा मुख्य भाग बंद पेटीसारखा येई: आतली संहिता दाखवायची नाही, फक्त तयार यंत्रभाषेतील तुकडा द्यायचा. परक्या मॉड्यूलशी सर्वसामान्य लिनक्स वापरणाऱ्याची पहिली गाठ पुष्कळदा अशा मोडेममुळेच पडली.

८/
आता 'आपोआप' या शब्दाकडे वळू. आरंभी मॉड्यूल हाताने घालावा लागे. जून १९९६ मधील २.० आवृत्तीसोबत 'कर्नलडी' नावाचा पार्श्वभूमीवर चालणारा सेवक आला. कर्नलला एखादी सोय हवी झाली की तो या सेवकाला हाक मारी आणि सेवक योग्य मॉड्यूल घाली. जानेवारी १९९९ च्या २.२ मध्ये हा मध्यस्थ गेला. कर्नल स्वतःच 'मॉडप्रोब' ही आज्ञा चालवू लागला. मॉडप्रोब इन्समॉडपेक्षा शहाणा. एका मॉड्यूलला दुसरा आधी लागत असेल तर तो क्रम ओळखून दोन्ही आणतो. हा क्रम 'डेपमॉड' ही आज्ञा आधीच एका यादीत लिहून ठेवते.

९/
तरीही कोणत्या कार्डासाठी कोणता मॉड्यूल, हे कर्नलने ओळखायचे कसे? प्रत्येक पीसीआय किंवा यूएसबी यंत्रभागात उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक कोरलेला असतो. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला पीसीआय क्रमांक आहे ८०८६, म्हणजे तिच्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या संहितेत क्रमांकांचे कोष्टक देतो: मी अमुक अमुक वस्तू सांभाळतो. डेपमॉड सर्व मॉड्यूलमधील कोष्टके एकत्र करून उपनावांची वही तयार करतो. यंत्रभाग जोडला की कर्नल त्याचे क्रमांक पुकारतो. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेली 'यूडेव्ह' ही व्यवस्था ती हाक ऐकते, वही पाहिली जाते आणि मॉड्यूल दाखल होतो.

१०/
म्हणजे बाहेरच्या मॉड्यूललाही आपोआप दाखल होण्यासाठी वेगळी खटपट लागत नाही; त्याचे नाव वहीत चढले पाहिजे एवढेच. त्यासाठीची रीत २.६ आवृत्तीच्या (डिसेंबर २००३) काळापासून ठरून गेली. चालू कर्नलच्या हेडर फाइली यंत्रावर असाव्या लागतात. मॉड्यूलच्या मेकफाइलमध्ये एका ओळीत कोणती फाइल बांधायची ते लिहितात. 'मेक' ही आज्ञा कर्नलच्या बांधणीघरात जाऊन तिथल्याच नियमांनी बाहेरचा तुकडा बांधते. तयार फाइल कर्नलच्या आवृत्तीच्या नावाने असलेल्या मॉड्यूलच्या डिरेक्टरीत ठेवायची आणि डेपमॉड चालवायचा. ज्या वस्तूला क्रमांकच नाही, अशा मॉड्यूलचे नाव सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या एका यादीत लिहून ठेवायचे.

११/
इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण येते ती कर्नल बदलल्यावर. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे आणि तिथले पंप गावोगावी पोहोचले आहेत. त्यावरून उदाहरण घेऊ. पंपाच्या फ्लँजची भोके पाइपच्या फ्लँजच्या भोकांशी जुळली तरच बोल्ट बसतो. पाइप त्याच मापाचा दिसला, पण भोकांची मांडणी बदललेली असली, तर पंप उत्तम असूनही निरुपयोगी. कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत आतील भोकांची मांडणी बदलू शकते. म्हणून मॉड्यूलमध्ये आवृत्तीची एक खूण कोरलेली असते. ती जुळली नाही तर कर्नल मॉड्यूलला दारातूनच परत पाठवतो.

१२/
ही मांडणी कायमची का ठरवत नाहीत? क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत यावर एक प्रसिद्ध टिपण लिहिले. त्याचा आशय असा: बाहेरच्या प्रोग्रामांना कर्नल जी सेवा देतो तिचे रूप आम्ही मोडत नाही, परंतु आतील रचना सुधारण्याची मोकळीक आम्ही सोडणार नाही. ज्याला त्रास नको असेल त्याने आपला ड्रायव्हर मूळ संहितेत द्यावा. मग आतील रचना बदलणारा माणूसच त्या ड्रायव्हरमध्येही आवश्यक तो बदल करील. आपल्या भाषेत सांगायचे तर, पागेत या, घोडा लंगडला तर सरकार पाहील. बाहेर राहिलात तर घोडा तुमचा, खर्चही तुमचा.

१३/
हे धोरण शिलेदारांना जाचक होते, आणि त्यांची बाजूही पोकळ नव्हती. कंपनीला जुने कर्नल चालवणारे ग्राहक सांभाळायचे असत. मूळ संहितेत ड्रायव्हर शिरायला महिने, कधी वर्षे लागत. तोवर कार्ड विकायचे कसे? या कोंडीतून डेल कंपनीत २००३ मध्ये 'डीकेएमएस' ही व्यवस्था जन्मली. गॅरी लेरहॉप्ट यांनी तिचा पाया घातला. कल्पना साधी: मॉड्यूलची तयार फाइल नव्हे, तर त्याची संहिता यंत्रावर ठेवायची. नवा कर्नल आला की डीकेएमएस त्या कर्नलच्या मापाने मॉड्यूल पुन्हा बांधून जागेवर ठेवील. वापरणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

१४/
दुसरा तंटा मालकीचा. सप्टेंबर २००१ मधील २.४.१० पासून प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना जाहीर करावा अशी सोय आली. परवाना जीपीएलशी जुळणारा नसेल तर मॉड्यूल आत येतो, पण कर्नलवर 'डाग' लागल्याची नोंद होते. यानंतर कर्नल कोसळला तर तपास करणारे विचारतात, आतली संहिता न दाखवणारा कोणी होता का? शिवाय कर्नलमधील काही कार्ये केवळ जीपीएल मॉड्यूलनाच वापरता येतील अशी राखून ठेवली गेली.

१५/
एप्रिल २००४ मध्ये या पद्धतीची कसोटी लागली. लिनक्सअँट ही कॅनडातील कंपनी काही मोडेमांचे ड्रायव्हर देत असे. तिने परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' लिहून लगेच शून्य हे चिन्ह घातले आणि पुढे खुलासा केला की हे केवळ काही फाइलींपुरते आहे. 'सी' भाषेत शून्य आले की ओळ संपली असे धरतात. त्यामुळे कर्नलला फक्त 'जीपीएल' दिसे आणि डाग लागत नसे. प्रकार उघड होताच गदारोळ झाला. इशाऱ्यांच्या माऱ्याने ग्राहक गोंधळू नयेत एवढाच हेतू होता, असे कंपनीचे उत्तर होते. शिक्क्याची अक्षरे खरी, पण शिक्का ज्या कागदावर उमटला तो भलताच, अशा जातीचे हे प्रकरण.

१६/
आता आपल्या मुलखाकडे. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज उभे केले. तेच पुढे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९६० मध्ये कऱ्हाडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. परंतु कर्नलच्या कामाला रोजगार मिळाला तो महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, पुण्यात. विशेषतः साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये. व्हेरिटास या अमेरिकी कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होते. तिची फाइल सिस्टीम आणि डिस्क सांभाळणारे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते ते कर्नलबाहेरच्या मॉड्यूलच्या रूपातच. पुणे हे शिलेदारांचे ठाणे बनले ते अशा कामांमुळे.

१७/
पहिले काम केजीडीबी. कर्नल किंवा मॉड्यूल चुकला की यंत्रच थिजते. मग चूक शोधणारा प्रोग्राम चालवायचा कुठे? केजीडीबीचे उत्तर असे: दोन यंत्रे तारेने जोडा. एकावर आजारी कर्नल, दुसऱ्यावर बसून त्याची नाडी पाहणारा अभियंता. हे काम आधी इतरांनी आरंभले होते. २००० नंतरच्या दशकात ते पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे अमित काळे यांनी सांभाळले आणि वाढवले. मॉड्यूल मेमरीत कोठे बसेल हे तो दाखल होईपर्यंत ठरलेले नसते. म्हणून मॉड्यूल आपोआप ओळखणारा, सुधारलेला डीबगरही या कामासोबत उपलब्ध होता.

१८/
केजीडीबी वर्षानुवर्षे बाहेरच होते. स्वतः टोरवाल्ड्स यांना कर्नलमध्ये डीबगर असणे पसंत नव्हते. माणसाने संहिता समजून घेऊन चूक शोधावी, यंत्राने बोट धरून चालवू नये, असे त्यांचे मत. त्यामुळे प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी ठिगळ नव्याने बेतावे लागे. पुढे अनेक कंपन्यांच्या अभियंत्यांचे हात लागले. विंड रिव्हर या कंपनीच्या जेसन वेसेल यांनी ते नेटके करून मांडले, आणि जुलै २००८ मध्ये २.६.२६ सोबत केजीडीबी कर्नलच्या मूळ संहितेत दाखल झाले. शिलेदार पागेत आला. त्या दिवसानंतर त्याच्या निभावाची चिंता एका कंपनीची उरली नाही.

१९/
दुसरे काम झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने घडवलेली ही फाइल सिस्टीम २००५ मध्ये खुली झाली. डिस्कवरचा प्रत्येक तुकडा पडताळून पाहणारी, न कळत सडणारी माहिती पकडणारी म्हणून तिची कीर्ती. परंतु तिचा परवाना सीडीडीएल. तो लिनक्सच्या जीपीएलशी जुळत नाही असे सर्वसाधारण मत आहे. म्हणजे मूळ संहितेत प्रवेशाचा मार्ग बंद. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत ब्रायन बेहलेनडॉर्फ यांनी ती मॉड्यूलच्या रूपात लिनक्सवर आणण्यास आरंभ केला होता. मात्र नेहमीच्या डिरेक्टरीसारखी जोडून वापरता यावी यासाठी लागणारा थर त्या बांधणीत अजून नव्हता.

२०/
तो थर २०१० मध्ये पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या लहान कंपनीने घातला. लिव्हरमोरच्या कामावर उभे राहून तिने लिनक्सवर प्रत्यक्ष वापरता येईल अशी झेडएफएस मॉड्यूलच्या रूपात दिली. जानेवारी २०११ मध्ये तिची पुढील आवृत्ती जाहीर झाली. जगभरातील सर्व्हर सांभाळणारे ज्याची वाट पाहत होते ते काम पुण्यातून आले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नाही.

२१/
मग एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील एसटेक या कंपनीने केक्यू इन्फोटेक विकत घेतली आणि झेडएफएसचे काम थांबले. परंतु संहिता खुली होती. तिच्यातील काम लिव्हरमोरच्या बांधणीत सामावले गेले. मार्च २०१३ मध्ये त्या प्रकल्पाची ०.६.१ ही सर्वसाधारण वापरासाठी सज्ज आवृत्ती आली, आणि आज ओपनझेडएफएस या नावाने ती जगभर चालते. अनेक वितरणांत ती डीकेएमएसमार्फतच येते. बंधन आहे ते जोडलेले मिश्रण वाटण्यावर, संहिता घेऊन ती स्वतःच्या यंत्रावर बांधण्यावर नव्हे, हा त्यामागील विचार. उबुंटूने २०१६ मध्ये तयार मॉड्यूलच वाटायला घेतला, तेव्हा परवान्याचा वाद पुन्हा पेटला.

२२/
बाहेर राहण्याची किंमत झेडएफएसनेही मोजली. २०१९ च्या आरंभी आलेल्या ५.० कर्नलमधून प्रोसेसरच्या जलद गणिताशी संबंधित एक कार्य बाहेरच्या मॉड्यूलसाठी बंद झाले; त्याचा पर्याय केवळ जीपीएल मॉड्यूलसाठी राखीव होता. झेडएफएसची पडताळणी मंदावली. पुढे प्रकल्पाने स्वतःची तजवीज केली, पण ती स्वतःच करावी लागली. मोठा समूह पाठीशी होता म्हणून हे जमले.

२३/
तिसरे काम एनहान्सआयओ. संथ डिस्कपुढे वेगवान एसएसडी ठेवून वारंवार लागणारी माहिती तिच्यावर राखणारा हा मॉड्यूल. फेसबुकच्या फ्लॅशकॅशवरून तो बेतला होता. तो एसटेक या कंपनीचा, म्हणजे ज्या कंपनीने केक्यू इन्फोटेक घेतली तिचाच. २०१३ च्या आरंभी तो जीपीएलखाली खुला झाला, आणि कर्नलच्या मंडळींपुढे एसटेकच्या वतीने मांडणारे होते केजीडीबीचे अमित काळे. वापरात असलेल्या डिस्कलाही तो न थांबवता जोडता येई. आपोआप सुरू होण्यासाठी यूडेव्हचे नियम होते, बांधणीसाठी डीकेएमएस होते. गुणांत तो कमी नव्हता.

२४/
परंतु वेळ साधली नाही. याच कामाचे डीएम-कॅश एप्रिल २०१३ मध्ये ३.९ सोबत आणि बीकॅश त्यानंतरच्या ३.१० सोबत मूळ संहितेत दाखल झाले. त्याच वर्षी एसटेक ही एचजीएसटी या डिस्क बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. मार्च २०१४ मधील ३.१४ मध्ये डिस्कच्या मागण्या वाहून नेणाऱ्या कर्नलमधील रचनेचे रूप बदलले. आतल्या ड्रायव्हरांमध्ये तो बदल ते करणाऱ्यांनीच उतरवला. बाहेरच्या प्रत्येकाला आपापला घोडा पुन्हा नाल मारून घ्यावा लागला. एनहान्सआयओच्या काही चाहत्यांनी आपल्या प्रती काही काळ चालू ठेवल्या. मूळ काम मात्र थांबून गेले.

२५/
दरम्यान दारावरचा पहाराही कडक झाला. डिसेंबर २०१२ च्या ३.७ पासून मॉड्यूलवर सही असावी अशी सोय कर्नलमध्ये आली. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रांवर अनेक वितरणे सहीविना मॉड्यूल घेतच नाहीत. म्हणून डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलसाठी वापरणारा स्वतःची किल्ली तयार करून यंत्रात नोंदवतो. ज्यांना ही पायरी ठाऊक नसते त्यांचा बांधलेला मॉड्यूल बरोबर असूनही नाकारला जातो. इकडे एनव्हिडिया, जिच्या असहकाराबद्दल टोरवाल्ड्स यांनी जून २०१२ मध्ये फिनलंडमध्ये जाहीर अपशब्द काढले होते, तिने मे २०२२ मध्ये आपल्या मॉड्यूलची संहिता खुली केली.

२६/
आता तिन्ही कामे शेजारी ठेवून पाहावीत. केजीडीबी आत गेले आणि टिकले. झेडएफएस आत जाऊ शकले नाही, पण कंपनी विकली गेल्यानंतरही खुल्या संहितेमुळे आणि मोठ्या समूहामुळे जगले. एनहान्सआयओ खुले होते, चांगले होते, परंतु ना आत गेले ना त्याभोवती पुरेसे लोक उरले. कंपनी कोणाची, नफा कोणाला, यावरून या तिघांचे भवितव्य ठरले नाही. मालक बदलल्यावर घोड्याला दाणापाणी कोण घालणार, या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरले.

२७/
सांगली, कऱ्हाड, साताऱ्याहून कर्नलच्या कामाला जाणाऱ्या अभियंत्यापुढे आजही हाच प्रश्न आहे. त्याच्या श्रमाचा पगार कंपनी देते; श्रम टिकतील की नाही हे ती संहिता कोठे ठेवली जाते यावर ठरते. कर्नलच्या संहितेत 'कर्नल' या डिरेक्टरीत 'डीबग' नावाची डिरेक्टरी आहे, आणि तिथे केजीडीबीची मुख्य फाइल आहे. तिच्या माथ्यावर इतर नावांच्या रांगेत अमित एस. काळे आणि पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीजचे नाव आजही वाचता येते. ती फाइल कोणालाही उघडता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.